जो खोलतो तोच बांधतो

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी तीन वाक्यं बोलतो आणि ठेवतो म्हणतो, त्यापेक्षा मला कागदावर कोंडून घातलेला बरा, असं तू लिहिलंस. म्हणून बसलोय. अक्षर बघून हसू नकोस. सातवीनंतर पेन फक्त कान खाजवायला वापरलंय.

तर बातमी अशी, की यावेळी नोकरी टिकली आहे. तू लगेच आधीच्या नोकऱ्या बोटांवर मोजायला लागशील. रंगाचं दुकान, टेम्पो, बर्फाचा कारखाना, भाड्याच्या खुर्च्या. पण मला भिंगरी हे नाव तुम्हीच ठेवलंत, मग फिरलो की रागवायचं कशाला? इथे पंखे बनतात. त्यामुळे फिरायचं काम पंख्याने करायचं आणि मी जागेवर बसायचं, असं ठरलंय.

कारखाना चिनी लोकांचा. पत्र्याची लांबच लांब शेड, आत पांढऱ्या नळ्यांचा उजेड. जमिनीवर पिवळे पट्टे मारलेत, पट्ट्याबाहेर पाय पडला की शिट्टी वाजते. सकाळी सगळ्यांनी रांगेत उभं राहून हात वर-खाली करायचे, मग काम. मला वर्गाबाहेर उभं राहायची सवय, रांगेत नाही, पण जमतंय. मागच्या इमारतीत आम्ही एका खोलीत आठजण, खाटा एकावर एक, प्लग एकच, आणि त्या प्लगवरून रोज महाभारत. चिनी लोक पलीकडच्या इमारतीत राहतात. त्यांच्या खिडक्यांना पडदे आहेत, पण आत आमच्यासारख्याच खाटा, मी वाकून पाहिलं. कुंपणाच्या कडेने त्यांनी भाजीचे वाफे केलेत. संध्याकाळी साहेब लोक चड्डीवर बादलीने पाणी घालतात. साहेबाला चड्डीवर पाहिलं की भीती अर्धी होते.

त्यांच्यात एक दुभाषी बाई आहे, माझ्याच वयाची असेल. आपली भाषा पुस्तकातून शिकून आली. कोणी उशिरा आलं की म्हणते, आपणांस विलंब झालेला आहे. आम्ही तिचं नाव पाठ्यपुस्तक ठेवलंय. आणि माझा साहेब म्हणजे थर्मास. गरम पाण्याचा थर्मास पोराला घ्यावं तसा काखेत घेऊन हिंडतो. आपल्या भाषेतला एकच शब्द त्याला येतो, हळू. पहिल्या दिवशी त्याने सगळ्या नव्या पोरांच्या हातात तांब्याची तार दिली. बाकीच्यांनी बैलाची दोरी धरावी तशी धरली. मी दाजींनी शिकवली तशी दोन बोटांत सैल धरली. त्याने मान हलवली आणि मला वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरमध्ये तारेचे वेढे भरायच्या मशीनवर बसवलं. दाजींना सांग, त्यांच्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानात खाल्लेल्या टपल्या कामी आल्या.

एकच गोष्ट जिवाला खाते. हे पंखे फार स्वस्त निघतात. इतके स्वस्त, की जळला तर कोणी दाजींकडे वेढे भरून घ्यायला का आणेल? तिकडच्या बाजारात आलेत का? खरं ते लिही.

छकुलीला मामाचा पापा. कळावे, आणि माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवून मागायची माझी लायकी नाही.

तुझा,
भिंगरी


दि. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र छकुलीने मला दोनदा वाचायला लावलं. मामा आता चिनी बोलतो का, असं विचारत होती. मी तिला सांगितलं की मामाला आधी धड आपलं बोलू दे. थंडी असेल तर मी दिलेली चादर अंगावर घे, उशाला घेऊन निजू नको.

खरं ते लिही म्हणालास म्हणून लिहिते. तुझे पंखे आलेत. चौकातल्या भांड्यांच्या दुकानातसुद्धा टांगलेत. जळलेली मोटर घेऊन माणूस आपल्या दुकानात येतो, हे ती उघडून बघतात, आणि त्याला सांगतात की दुरुस्तीत थोडी भर घातली तर नवा पंखा येईल. माणूस नवा घ्यायला जातो. मी यांना म्हटलं की गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने हाकलायची ही कुठली रीत, तर म्हणाले की खोटं कसं सांगू. मग दिवसभर काउंटर पुसत बसतात. पुसून पुसून त्याचा रंग गेला. दुकानाचा मालक येऊन गेला. तोंडाने काही बोलला नाही, पण शटरची रुंदी मोजून गेला.

परवा कोणीतरी तुझ्या कारखान्यातला पंखा आणला. आता हे शिव्या घालणार, म्हणून मी छकुलीला आत पाठवलं. पण यांनी तो खोलला, उजेडात धरला आणि म्हणाले, तार केसासारखी बारीक आहे, दोन उन्हाळे काढायची नाही, पण वेढे बघ कसे बसलेत, एकावर एक चढलेला नाही, आपल्या भिंगरीच्याच हातचे असतील. असं म्हणून हसले. मला ते हसणं बघवलं नाही. शिव्या परवडल्या असत्या.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू नाही भरलेस वेढे, तर दुसरा कोणी भरेल. नोकरी सोडू नको एवढंच सांगते. आई-बाबांच्या मागे तुला मी वाढवला तो काही खुर्च्या उचलायला नाही. घरातल्या एकाचं तरी नीट चालू दे.

कळावे. माया आहेच, ती मागावी लागत नाही. पत्र मात्र मागावं लागतं.

तुझी,
ताई


दि. २१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हातातलं काम ठेव आणि बसून वाच. तुझा भाऊ मिस्त्री होतोय.

थर्मासने अख्ख्या शेडमधून आम्हा तिघांना निवडलं, त्यात मी पहिला. काम असं, की वाइंडिंगची मशिनं एकेक करून खोलायची. उगाच नाही, शिस्तीत. दोन भाग जिथे जुळतात तिथे दोन्हीकडे पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे परत लावताना ठिपक्याला ठिपका मिळतो. प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या पिशवीत. लोखंडाला ग्रीस, मग कागद, मग लाकडी पेटी. थर्मास बोलत नाही, हाताने करून दाखवतो. मी बघतो आणि करतो. बाकीचे दोघे सारखे विचारत असतात. मी नाही विचारत. दाजींच्या दुकानात तोंड उघडलं की टपली पडायची. हात बघ, तोंड बघू नको, विचारणाऱ्याचं लक्ष उत्तराकडे जातं, असं ते म्हणायचे. थर्मासलाही माझी तीच गोष्ट आवडली असावी.

आता हे कशासाठी, तर ऐक. आमच्या कुंपणाला लागून मोकळी जागा होती, तिथे लोखंडी खांब उभे राहताहेत. आमच्या शेडच्या दुप्पट मोठी शेड. म्हणजे मशिनं तिकडे जाणार, आणखी नवी येणार, माणसं वाढणार. आणि दाजींचा नियम तुला माहीतच आहे, जो खोलतो तोच बांधतो. दुसऱ्याने खोललेली मोटर ते कधी हातात घ्यायचे नाहीत, आणि स्वतः खोललेली अर्धवट कोणाला द्यायचे नाहीत. थर्मासही तसाच कारागीर आहे. ज्या अर्थी तो माझ्याकडून खोलवून घेतोय, त्या अर्थी तिकडे बांधणारा मीच.

एक गंमत सांगतो. आमच्या पांढऱ्या ठिपक्यांखाली जुने हिरवे ठिपके निघाले. एका जागी नखाने खरवडलं तर त्याखाली लाल. हिरव्याच्या बाजूला आकडे होते ते चिनी नाहीत आणि आपलेही नाहीत, तिसऱ्याच कुठल्या लिपीतले. मशीनपण माझ्यासारखंच निघालं, दहा ठिकाणी फिरून आलेलं.

आता मुद्द्याचं. दाजींना इकडे पाठव. नव्या शेडला जाणती माणसं लागतील आणि मिस्त्रीच्या शब्दाला वजन असतं. दुकानात काउंटर पुसत बसण्यापेक्षा इथे मशीनपुढे बसलेले बरे. शेड उभी राहिली की तू आणि छकुलीपण या, बाहेर खोल्या मिळतात. त्यांच्यासाठी वेगळा कागद आत घातलाय. त्यात खोलण्याची सगळी रीत लिहिलीय, वाचून खूश होतील.

कळावे. लोभाचं काय ते आता समोरासमोर बघू.

तुझा,
भिंगरी (मिस्त्री)


दि. २ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

हे पत्र घाईत लिहिते आहे. तुझे दाजी आजच्या बसने निघाले. पत्र तुला मिळेल तेव्हा ते तुझ्या शेजारी बसलेले असतील, हे मला कळतंय. तरी लिहिते, कारण दुसरं काही हातात नाही.

तुझा कागद त्यांनी जेवतानासुद्धा ताटाशेजारी ठेवला होता. ठिपक्यांचं, पिशव्यांचं, ग्रीसचं सगळं मला वाचून दाखवलं. म्हणाले, इतक्या निगुतीने खोलतात म्हणजे ती माणसं कामाची कदर करणारी आहेत, आणि ज्याला खोलायला दिलं त्यालाच बांधायला देतील, यात शंका नाही. किती महिन्यांनी त्यांचा आवाज मोकळा झाला होता. मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकाला किल्ली दिली. वेढे भरायचं स्टँड, वार्निशची भट्टी, तारेचे रीळ, सगळं एका माणसाने हातगाडीवर घालून नेलं. हे हातगाडीमागे कोपऱ्यापर्यंत गेले, मशीनला तेल कुठे द्यायचं ते सांगत.

मला एक विचारायचं आहे. ते हिरवे ठिपके ज्याने दिले, तो माणूस कुठे आहे? जो खोलतो तोच बांधतो ना, मग इथे येऊन बांधायला तो का आला नाही? आणि लाल ठिपकेवाला कुठे गेला? मी यांना हे विचारलं, तर म्हणाले की तू कुलपालाही विचारशील की तुझी किल्ली शपथेवर खरी आहे का. पण मला राहवत नाही. तू थर्मासला विचार. त्याला कळत नसेल तर त्या पाठ्यपुस्तकाला विचार. हात बघून झाले, आता तोंड बघ.

यांना सकाळी उठल्याबरोबर चहा लागतो, नाहीतर डोकं दुखतं. लाजून सांगायचे नाहीत.

कळावे. या वेळी लोभ नको, उत्तर दे.

ताई


दि. २४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दाजी सुखरूप पोचले. माझ्या खालच्या खाटेवर असतात. खिशात पक्कड घेऊन आले होते, ती गेटवरच्या माणसाने काढून घेतली. सगळी पोरं त्यांना काका म्हणतात. प्लगचं महाभारत त्यांनी पहिल्याच आठवड्यात मिटवलं, तारेचा तुकडा घेऊन एकाचे चार करून दिले. चहा मी रोज नेऊन देतो.

वाइंडिंगवर त्यांना बसवता आलं नाही, कारण ती रांग खोलूनच झाली होती. मी थर्मासला खुणेने खूप सांगितलं. शेवटी पेट्या ठोकायला घेतलं. दाजींनी कुरकुर केली नाही. नवी शेड होईपर्यंत खिळे तर खिळे, म्हणाले. पण चार दिवसांनी गप्प झाले. मला वाटलं घरची आठवण येते. नंतर कळलं की त्यांना माझ्याआधी समजलं होतं. पेटीच्या आत डांबराचा कागद लावतात, आणि ग्रीस बोटभर जाड. दाजींनी ते पाहिलं आणि मनात म्हणाले, की भिंतीपलीकडच्या घरात जायला कोणी शिदोरी बांधतं का. पण मला बोलले नाहीत. मी त्यांना मिस्त्रीची ऐट दाखवत फिरत होतो, ती त्यांना मोडवेना.

मग तुझं पत्र आलं. मी पाठ्यपुस्तकाला गाठलं. जेवणाच्या खोलीत एकटी बसली होती. हिरव्या ठिपक्यांचं विचारलं. मग तिच्या त्या पुस्तकी भाषेत म्हणाली, की यंत्रे समुद्रमार्गे अन्य देशी रवाना होत आहेत. तिकडे मजूर आमच्यापेक्षा स्वस्त आहेत. आम्ही महाग झालो, ताई. आम्ही, आठ जणांत एक प्लगवाले. नवी शेड म्हणजे गोदाम. तयार पंखे तिकडून खोक्यातून येतील, इथे फक्त उतरवायचे आणि पुढे पाठवायचे. हिरवे ठिपकेवाला देश आमच्याआधीचा, लाल त्याच्याही आधीचा. तिथल्या माणसांचं काय झालं, हे तिला माहीत नव्हतं. ती तेव्हा शाळेत होती.

थर्मास सगळीकडून मशिनांबरोबर आलाय आणि मशिनांबरोबरच जाणार. त्याची मुलगी मांडीवर असताना तो घरातून निघाला. आता ती कॉलेजात आहे आणि फोनवर त्याच्याशी दोनच वाक्यं बोलते. मला त्याचा राग करायचा होता. पण चांगला राग यायला समोरचा माणूस जरा तरी सुखी असावा लागतो.

दाजींना सांगायला गेलो, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. शर्टाची घडी घालत होते, ती पूर्ण केली. तुला कळवू नको म्हणाले. मी कळवतोय. माझ्या हाताने मी माझीच नोकरी खोलली, ठिपके देऊन, ग्रीस लावून. ते एक वेळ चाललं असतं, मला नोकऱ्या सुटायची सवय आहे. पण तुझं घरही त्याच पान्याने खोललं.

काय लिहू पुढे? लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

भिंगरी


दि. ३ मे

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

त्यांना घेऊन ये. बाकी काही ऐकायचं नाही.

दुकान दुसऱ्याला गेलं. त्याने आत छतापर्यंत तुमच्या पंख्यांची खोकी लावलीत, बाहेर दिव्यांची माळ सोडलीय. हे त्यांना आधी सांगू नकोस, मीच सांगेन. तिथून रोज जावं लागतं, मी मान खाली घालून जाते. सवय होईल.

मी शेजारणींचे कपडे शिवायला घेतलेत. तूही काहीतरी बघशील. भागेल. त्यांना सांग की दुकान गेलं, घर गेलं नाही. मला काही विचारायचं नाही, कोणाला दोष द्यायचा नाही. छकुली रोज बसच्या वेळेला ओट्यावर जाऊन बसते, तिला मी काय सांगू तेवढं सांग.

जमलं तर पत्राचं उत्तर देऊ नका, दोघं स्वतःच या.

ताई


दि. २० मे

ती. ताईस,
सा. न.

हे पत्र मी निघायच्या आठवडाभर आधी टाकतोय. मी येतोय. एकटाच येतोय. असंच दारात उभा राहिलो असतो, तर तू माझ्यामागे कोण आहे ते बघितलं असतंस. ते मला बघवलं नसतं. म्हणून आधी लिहितो.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात थर्मासने मला बोलावलं. पाठ्यपुस्तक शेजारी उभी होती. तिकडे मशिनं उभी करायला आणि तिथल्या लोकांना शिकवायला खोललेलं माहीत असलेला एक माणूस हवा होता. चिनी कामगार त्या पगारात आता मिळत नाही, म्हणून आमच्यातला न्यायचा. त्याने माझं नाव काढलं. जो खोलतो तोच बांधतो, हे दाजींचं म्हणणं खरं निघालं, फक्त कुठे ते आपल्याला ठाऊक नव्हतं. एरवी मी खाट पाठीला बांधून पळत गेलो असतो. पण तुझं पत्र खिशात होतं. मी नाही म्हणालो. घरी जायचंय म्हणालो.

दाजींच्या ते कानावर गेलं. मला कुंपणाकडे घेऊन गेले, त्या वाफ्यांशी. आता तिथे कोणी पाणी घालत नाही, सगळं वाळून गेलंय. आणि ताई, त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. ज्या हाताच्या टपल्या खाल्ल्या, तो हात. तुझ्या जागी मला जाऊ दे म्हणाले. घरी गेलो तर रोज त्या दुकानावरून जावं लागेल, म्हणाले. दुकान कोणाला गेलं हे मी बोललो नव्हतो, पण त्यांना न सांगता कळलं असावं. म्हणाले, तुझी ताई मला एका शब्दाने विचारणार नाही, आणि तेच मला सोसणार नाही.

मी म्हणालो, ताईला विचारतो. तर म्हणाले, विचारलंस तर ती थांबवेल आणि मी थांबेन, म्हणून गेल्यावर सांग. मी खूप वाद घातला. ते नुसते हात जोडून उभे. मोठ्या माणसाला असं किती वेळ उभं ठेवायचं?

मी थर्मासकडे गेलो आणि पाठ्यपुस्तकाकरवी सांगितलं की मला जे येतं ते यांनी शिकवलंय. थर्मासने दाजींच्या हातात तार दिली. त्यांनी धरली. थर्मासने मान हलवली. एवढ्यावर झालं. पासपोर्टबिसपोर्ट कंपनीने पैसे भरून आठ दिवसांत काढून घेतला.

गाडी सकाळी आली. पेट्या आधीच गेल्या होत्या. मी कागद आणि पेन पुढे केलं, ताईला दोन ओळी लिहा म्हणालो. त्यांनी पेन घेतलं आणि तसंच परत दिलं. मग चहा मागितला. मी आणेपर्यंत गाडीत बसले होते. खिडकीतून कप घेतला, प्याले, कप परत दिला. मी त्यांना थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही. हे मी कोणाच्या डोक्यावर ढकलत नाही.

तू दार उघडलं नाहीस तर मी ओट्यावर बसेन.

भिंगरी


दि. ११ ऑक्टोबर

ती. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं एक पत्र आलं, त्यानंतर नाही. मशिनं उभी राहिली, तब्येत ठीक आहे, तिथली माणसं मेहनती आहेत, एवढंच होतं. ताईने उभ्याने वाचलं, घडी घातली आणि कामावर गेली. छकुलीने पाकिटावरचं तिकीट काढून घेतलं.

ताई कामावर जाते हे तुम्हाला माहीत नाही. शिवणावर भागेना. आपल्या दुकानात जो आलाय त्याने तिला काउंटरला ठेवलं. ओळखीची बाई असली की लोक आत येतात, हे त्याला कळतं, माणूस वाईट नाही. मी त्याची खोकी टेम्पोतून उतरवतो. या महिन्यापासून खोक्यांवर तुम्ही आहात त्या देशाचं नाव यायला लागलंय. ताईने ते वाचलं. मला वाटलं काहीतरी बोलेल. तिने खोकी मोजून घेतली.

तिने मला घरात घेतलं. जेवायला वाढते, चादर घे म्हणते, सगळं पूर्वीसारखं करते. फक्त माझी चेष्टा करत नाही. भिंगरी म्हणत नाही, नुसतं अरे म्हणते. तुम्हाला तिचं न विचारणं सोसवणार नव्हतं, ते आता मी सोसतोय. तक्रार नाही.

काल एक म्हातारे गृहस्थ आले होते. फडक्यात मोटर बांधून आणलेली, जुनी, जड. त्यांना दुकान बदललेलं ठाऊक नव्हतं. माळ, खोकी सगळं बघून गोंधळले, पण ताईला ओळखलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. वेढे भरून हवेत म्हणाले, मिस्त्री कुठे आहेत म्हणाले. ताईने सांगितलं की इथे आता दुरुस्ती होत नाही. मग त्यांनी विचारलं की मिस्त्री परत कधी येणार, तोवर मी थांबतो, मला घाई नाही. ताई म्हणाली, तुम्ही थांबू नका.

मी दारात खोकं घेऊन उभा होतो. तिचा आवाज जराही हलला नाही. तिने नवा पंखा काउंटरवर ठेवला, प्लग लावला आणि तोंड त्यांच्याकडे करून चालू केला. वारा चांगला लागतो म्हणाले. घेऊन गेले. मोटरचं जड ओझं परत कुठे नेऊ म्हणून इथेच ठेवून गेले.

ती मी घरी आणली आहे. खोललेली नाही.

कळावे. माझ्यावरचा लोभ संपला असेल तर हरकत नाही. यापुढचं पत्र मात्र ताईच्या नावाने येऊ द्या, आणि त्यात तब्येतीखेरीज काहीतरी लिहा.

आपला,
भिंगरी